नागवेलीच्या लेकी

गावाच्या माळावर पहिला पानमळा लागला, तेव्हाची ही गोष्ट. मळ्यातल्या सगळ्या नागवेली एकाच वेलीचे तुकडे लावून वाढवलेल्या. ती थोरली वेल आधाराला लावलेल्या शेवरीच्या झाडाला सारखी म्हणायची, "माझ्या लेकी बघ, पानाला पान जुळतं. नाहीतर तुझ्या! एक उंच, एक वाकडी."

शेवरी हसायची. "अगं, बी धरताना मी माझ्यातलं सगळं ढवळते आणि त्यातलं अर्धंच बियांत घालते. उरलेलं अर्धं पलीकडच्या झाडाचं. कुणाच्या वाट्याला काय जाईल, माझं मलाच ठाऊक नसतं."

"परक्यासाठी अर्धी मी सोडू? जमायचं नाही," असं म्हणून वेलीनं आपली फुलं बी न धरताच गळू दिली.

एका श्रावणात मुळं कुजवणारा रोग आला. शेवरीची उंच लेक कोसळली, वाकडी तगली. वेलींत मात्र जे एकीला सोसलं नाही ते कुणालाच सोसलं नाही. आठ दिवसांत मळा पिवळा पडला.

उरलेल्या थोरलीनं वाकडीच्या खांद्यावर मान टाकली. "अर्धी जाईन म्हणून भ्याले गं," ती म्हणाली, "आता सगळीच चालले."