चांगूबायचा बांध

ऐका मंडळी. फार वर्षांपूर्वी, खाडीला अजून माणसाचं बोलणं कळत होतं, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा होता आणि थोडं आत आगऱ्यांचं गाव. आगऱ्यांनी मातीचा बांध घालून खारं पाणी अडवलं होतं आणि बांधाआड भात पिकवलं होतं. कोळी बांधापाशी जाळी लावत. त्यानं माती सैल होते, म्हणून आगरी चिडत. त्या वर्षी तर जोमा पाटलानं चांगूबाय कोळणीचं जाळं विळ्यानं कापून टाकलं. दोन्ही गावांचं बोलणं तुटलं.

मग भादव्याच्या अवसेला, भर दुपारी, उधाण आलं आणि बांधाला खांड पडली. पोटरीला आलेल्या भातात खारं पाणी घुसू लागलं. आगरी माती टाकत होते, ती वाहून जात होती. कोळीवाडा काठावरून नुसता बघत होता.

एकट्या चांगूबायनं होडी लोटली.

"वर ये गो! त्यो बांध आपला नाय!" तिचा दीर ओरडला.

"बांध त्यांचा, पन पानी आपलं," ती म्हणाली. "खाडीला आपन आय म्हनतो. आयनं परक्या पोरांच्या तोंडचा घास नेला, तर नाव कुनाचं जाईल?"

असं म्हणतात, तिनं होडी खांडीत आडवी घातली, कुऱ्हाडीनं तळ फोडला आणि बुडत्या होडीला पाठ लावून उभी राहिली. विधवा बाईची ती एकुलती एक होडी.

ते बघून सगळ्या कोळीवाड्यानं होड्या लोटल्या. आतल्या बाजूनं पहिली उडी जोमा पाटलाची पडली. खांद्याला खांदा लागला, आणि चिखलात कोळी कोण, आगरी कोण, ते कळेना. असं म्हणतात, पाणी त्यांच्या डोक्यांवर भिंतीसारखं उभं राहिलं, पण कोसळलं नाही. ओहोटी लागेपर्यंत खाडीनं श्वास रोखून धरला.

भात वाचलं. चांगूबायचे पाय गारठून लाकूड झाले होते. आगरणींनी शेकून शेकून त्यांत जीव आणला. जोमानं दारचा आंबा तोडून तिला नवी होडी करून दिली.

आजही फाल्गुनात बांध सावरताना पहिलं ढेकूळ कोळीवाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई ठेवते. आगरणी ऊन पाण्यानं तिचे पाय धुतात आणि, तिचं नाव काही का असेना, म्हणतात, "चांगूबाय, दमलीस गो. बस, जेवून जा."