घटिकापात्रातली लाख

माघ वद्य षष्ठी, सूर्योदयापासूनची दहावी घटिका. सगळे सुरू झाले ते नेमके त्या घटिकेला. पण ती दहावी आहे हे साऱ्या घाटावर एका बाईखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते.

त्या काळी चंदना नदीच्या काठी वेणुपुरात धृतवर्मा राजा राज्य करीत होता, आणि बोधिसत्त्वाने तिथल्या नावाड्यांच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव नीलक. बापाच्या हातचे वल्हे त्याच्या हाती आले होते, आणि बापाचे एक वाक्यही. नाव घाटाची असते, नावाड्याची नसते.

घाटाचा एक जुना नेम होता. झाकण घातलेल्या पाण्याच्या हौदात तांब्याचे एक पात्र तरंगत ठेवलेले असे. त्याच्या बुडाला सुईएवढे भोक. त्यातून पाणी आत येई, बरोबर एका घटिकेत पात्र भरून बुडे, राखणदार घंटा वाजवी, आणि घंटा झाली की नाव सुटे. पालखीवाला असो की सरपणाची मोळीवाली, नाव कुणासाठी थांबत नसे. राखणदाराखेरीज दुसऱ्या कुणी पात्राला हात लावला तर तो हात मनगटापासून जाई.

पाटला नावाची एक तरणी बाई रोज पैलतीरच्या करंजगावाहून राजाच्या कोठारात धान्य पाखडायला येत असे. घरी तिची चार महिन्यांची लेक सासूजवळ असे. कोठारातल्या कोंड्याने पोर खोकून खोकून निळी पडायची, म्हणून तिला सोबत आणायची सोय नव्हती. पहाटे पाजून निघायचे, बारा पाट्या पाखडायच्या आणि दहाव्या घंटेच्या नावेने परतायचे, असा तिचा क्रम. पोरीला शेळीचे दूध सोसत नव्हते, पोटात टिकत नव्हते. आईवर जगणारा जीव तो.

गेले दोन दिवस दहाव्या घंटेनेच निघूनही पाटलेला घरी पोचायला फार उशीर होत होता. पहिल्या दिवशी पोर रडून लाल झाली होती. दुसऱ्या दिवशी रडतच नव्हती. नुसती बघत पडली होती. ज्यांनी लेकरे वाढवली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको, रडते तोवर बरे असते. सासू एवढेच म्हणाली, "उद्या वेळेत ये गं बाई. माझ्या हातात दुसरं काही नाही."

आज तिसरा दिवस. नदीवर असे दाट धुके की सूर्य कुठे आहे ते कळेना, पैलतीर दिसेना. पाटला पाट्या संपताच नावेत येऊन बसली तेव्हा सहा घंटा झाल्या होत्या असे लोक म्हणाले. नाव भरली. सातवी घंटा काही होईना. लोक वैतागले.

"काय रे नीलक, रात्री ताडी जास्त झाली का?" एक कासार ओरडला. "नाव हलव की!"

"घंटा होऊ दे, काका. नेम आहे."

"तुझा नेम, आणि माझी भट्टी विझली तिकडे!"

 इकडे पाटलेची छाती दाटून दगडासारखी झाली होती. मग दूध आपोआप वाहू लागले, चोळी भिजली, तिने पदर ओढला तर पदरही भिजला. आणि तिच्या मनात लख्ख उजाडले. ती नावेतच उभी राहिली.

"घंटा खोटी आहे," ती म्हणाली.

सगळे वळले. हौदापाशी दोन भालेकरी घेऊन दंडक नावाचा नवा राखणदार बसला होता. तीन दिवसांपूर्वीच अमात्य कालसेनाने त्याला नेमले होते. तो हसला. "काय म्हणालीस, बाई?"

"दहावी घटिका झाली. तुमच्या सहाच घंटा झाल्यात. माझ्या अंगाला ठाऊक आहे."

"आता बायांच्या चोळीवरून राज्याचा काळ मोजायचा का?" दंडक म्हणाला, आणि भालेकरी खो खो हसले.

मागच्या फळीवर बसलेली एक म्हातारी कुंभारीण कडाडली, "हसा मेल्यांनो! तुम्ही काय हौदातनं उपजलात? तिची चोळी खोटं बोलत नाही. आठ वाढवलीत मी."

नीलक वल्हे आडवे ठेवून पाटलेजवळ आला. "ताई, रोज कितव्या घंटेला असं होतं?"

"दहाव्या. नावेत पाय ठेवताना. हे दोन दिवस सोडले तर कधीच चुकलं नाही, दादा." मग ती धुक्याआडच्या पैलतीराकडे बघू लागली. "काल ती रडली पण नाही हो."

 बोधिसत्त्वाच्या मनात आले, नेम पाळायचा म्हणून मी तीन दिवस घंटेची वाट पाहत बसलो आणि एकदाही पात्राकडे पाहिले नाही. नेम माणसांना पार नेण्यासाठी होता. हे तर त्याच नेमाने माणसांना बांधून ठेवणे झाले.

तो उतरून हौदाकडे चालू लागला. भाले आडवे झाले.

"हात लावशील तर हात जाईल," दंडक म्हणाला. "मग वल्हं कशानं मारशील?"

"दातांनी धरीन," नीलक म्हणाला, आणि भाल्यांखालून वाकून त्याने झाकण सारून पात्र उचलले.

तोवर नावेतली सगळी माणसे उतरून त्याच्या मागे उभी राहिली होती. सर्वांत पुढे कासार, मघाशी ताडीचे बोलला तोच. एवढ्या लोकांवर भाला चालवायला भालेकऱ्यांना धीर होईना. नीलकने पात्र रिते करून बोटाने बूड चाचपले, मग कासाराच्या हाती दिले. "काका, तांबं तुमचं. बघा."

कासाराने नख घातले. "भोक अर्धं बुजवलंय की रे! लाख आहे. तांबडी, म्हणून तांब्यात दिसत नाही."

इतक्यात धुक्यातून पालखी आली. अमात्य कालसेन स्वतः उतरला. त्याचा आवाज मोठा गोड होता. "ही गडबड कशाला? नदीच्या प्रवाहाची पाहणी चालू आहे. म्हणून नावा जरा सावकाश सोडतो आहोत. प्रजेच्याच भल्यासाठी."

"पाहणी करंजगावच्या लोकांची चाललीय!" कुंभारीण म्हणाली. "गावसभेत तुमच्या मेहुण्याला प्रमुख केला नाही, त्याचा हा राग. आम्हांला काय कळत नाही होय?"

कालसेनाने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो नीलकला बाजूला घेऊन म्हणाला, "शहाणा दिसतोस. पात्र इकडे दे. पाहणी चालू होती असं दरबारात सांग, उद्यापासून नदीवरच्या साऱ्या घाटांचा मुख्य तू. नाहीतर कायदा माहीत आहेच."

"स्वामी, हात तुमच्या कायद्याचा आहे, मी तो आणून देईन," नीलक म्हणाला. "पण आधी ते बाळ, मग दरबार. आणि पात्र मी नेतो. ते घाटाचं आहे."

लोक पुन्हा नावेत बसले, तसे त्याने पात्र पाटलेच्या मांडीवर ठेवले आणि घंटा स्वतः वाजवली. एकदा नाही, चार वेळा, राहिलेल्या चारही घटिकांची. अमात्य ओरडला, "थांबवा त्यांना!" पण नावेला लागलेल्या तीस हातांपुढे दोन भाले काय करणार? नाव धुक्यात शिरली.

पैलतीरी पाटला पाण्यात उडी टाकूनच उतरली. सासू पोरीला घेऊन काठावरच बसली होती. पोर पुन्हा गप्प होती. पाटलेने तिला छातीशी धरले. पहिल्यांदा तिने तोंडच लावले नाही. मग ओठ हलले, मग मूठ वळली. पोर पिऊ लागली, आणि मध्येच थांबून असे रडली की दोन्ही तीरांना ऐकू जावे. ते रडणे ऐकून नीलकने वल्हे फिरवले आणि तो आपणहून परत निघाला. पाटला लेकीला पदराखाली घेऊन पुन्हा नावेत चढली. "दादा, तुम्ही एकट्यानं जायचं नाही," ती म्हणाली.

दरबारात कालसेन म्हणाला, "महाराज, लाख यानंच भरली असेल."

राजा धृतवर्म्याने पात्र उजेडात धरले. लाख त्याने नखावर घेतली, हुंगली. तिला कस्तुरीचा वास होता. कस्तुरी घातलेली तांबडी लाख राज्यात एकाच ठिकाणी बनत असे, अमात्यांच्या कचेरीत, राजपत्रांवर मुद्रा उठवण्यासाठी.

"नावाड्याच्या घरी कस्तुरी कुठून आली, अमात्य?" राजाने विचारले.

 भर दरबारात तेवढ्यात पाटलेची लेक पुन्हा भुकेने रडू लागली. राजा पुष्कळ वेळ तिचे रडणे ऐकत राहिला. मग त्याने कालसेनाची मुद्रा काढून घेतली आणि त्याला घाटावर नेमले, येणाऱ्या-जाणाऱ्याचे ओझे चढवायला-उतरवायला. नीलकला तो म्हणाला, "माग काय ते."

"हौदाचं झाकण काढा, महाराज. पात्र उघड्यावर राहू दे. येता-जाता कुणालाही बूड उचलून बघता यावं. हात तोडायचा कायदाही काढा."

तसेच झाले.

आपल्या सभेला ही कथा सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "तो अमात्य म्हणजे आता माझे वाईट चिंतणारा देवदत्त. राजा म्हणजे माझा शिष्य आनंद. ती आई आज इथेच, मागच्या रांगेत बाळाला थोपटत बसली आहे, तिला हे ठाऊक नाही. आणि नावाडी मीच होतो." मग त्यांनी त्या गुणाचे नाव सांगितले. वीर्य पारमिता, म्हणजे पराक्रमाची पूर्णता. भाल्यापुढेही न डगमगता जे खरे ते हाती उचलायचे, तेही कुणाला तरी पार न्यायला.

तुमच्या घाटावर नाव खोळंबली असेल आणि कुणी गोड आवाजात पाहणी चालू आहे म्हणत असेल, तर ही गोष्ट शेजारी बसलेल्याला सांगा. जिचे लेकरू पैलतीरी आहे, तिला आधी सांगा.