आबा खोतांनी खाल्लेले गोड पफ

शेजारच्या मालूकाकूंनी पुतणीच्या केळवणाला चीजचे पफ केले होते, अर्धे तिखट, अर्धे गुळाचे. तिन्हीसांजेला समई फडफडली आणि तीन वर्षांपूर्वी वारलेले आबा खोत उलट्या पावलांनी येऊन पाटावर बसले.

"नवरीला न्यायला आलोय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आधी खायला वाढ. गोडच हं! कुणाचं मीठ खाल्लं की आम्हा भुतांनाही त्याला जागावं लागतं."

काकूंनी गोड पफ वाढले. खोतांनी ताट चाटूनपुसून संपवलं आणि पुतणीचा हात धरायला ते उठले.

"थांबा आबा," काकू म्हणाल्या. "त्या गोडातही चीज होतं, आणि चीजमध्ये मीठ असतंच. आता जागा माझ्या मिठाला!"

खोत धुरासारखे विरू लागले. विरता विरता कुरकुरले, "आमच्या वेळी गोडात नुसता गूळ असायचा!"