जादा चाकांचा दंड

पोलिओने पाय अधू झालेली सावंतवाडीची कुंदा नार्वेकर बहिणीचं बाळ बघायला म्हापशाला निघाली होती. स्कूटरला मागे दोन जादा चाकं बसवलेली. गोव्याची हद्द ओलांडताच जाड चष्म्याच्या फौजदाराने तिला अडवलं. तिने चाकांच्या परवानगीची कागदपत्रं पुढे केली, तरी तो बघेना.

“कंपनीने दोनच चाकं दिली होती ना? मूळ रूपात फेरफार म्हणजे गुन्हा. दंड भरा, गाडी जप्त!”

कुंदा शांतपणे म्हणाली, “भरते, साहेब. फक्त एवढं सांगा, देवाने तुम्हाला जन्मताना चष्मा दिला होता का?”

फौजदाराचा हात आपसूक चष्म्याकडे गेला. मग तो खो खो हसला, दंडाची पावती लिहिण्याऐवजी पुस्तक मिटलं आणि स्वतः वाहनं थांबवून तिला वाट करून दिली.

बाळाला मांडीवर घेऊन कुंदाने बहिणीला आधी त्या साहेबांचा मोठेपणा सांगितला, आपलं उत्तर नंतर.