बरोबर उत्तराच्या पुढे

एका तालुक्याच्या गावी विज्ञानाचे एक वृद्ध शिक्षक राहत. निवृत्त होऊन वीस वर्षे लोटली होती, तरी मुले कुठे अडली की त्यांच्याच ओसरीवर येत.

गावच्या शाळेत नववीला दोन वाटा फुटत. सगळे विज्ञान मिळून एकच विषय घ्यावा, नाहीतर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असे तीन स्वतंत्र विषय घ्यावेत. हुशारांनी तीन घ्यायचे आणि बाकीच्यांनी एक, असा दंडकच पडून गेला होता.

शलाकाला आठवीत विज्ञानात बावन्न गुण होते. तिला तीन विषय हवे होते, पण तसे बोलून दाखवायचीही तिला चोरी होती. विज्ञानाच्या बाईंनी ‘झेपणार नाही’ म्हटले होते आणि वडिलांनी ते प्रमाण मानले होते. तिची मैत्रीण नीरजा वर्गात पहिली. तिने तीन विषय घ्यायचे, हे तिच्या घरी केव्हाच ठरून गेले होते. अर्जाला पंधरा दिवस उरले, तेव्हा दोघी गुरुजींकडे गेल्या.

गुरुजींनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “माठातले पाणी गार का होते?”

नीरजाने तत्काळ सांगितले, की पाणी छिद्रांतून झिरपते, बाहेर त्याची वाफ होते आणि तिला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून जाते. शलाकालाही तेच म्हणायचे होते.

“अगदी बरोबर,” असे म्हणून गुरुजी उठले, आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले.

नीरजा हसली आणि चित्रकलेच्या वर्गाला निघून गेली. शलाका मात्र घरी येऊन माठासमोर बसली. त्यांच्या जुन्या माठातले पाणी यंदा गारच होत नव्हते. मग ते उत्तर इथे का लागू पडत नाही?

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. जुन्या माठाची छिद्रे बुजली असावीत, असे तिने भीत भीत सांगितले. “कशाने?” एवढेच विचारून गुरुजींनी पुन्हा दार लावले.

तिसऱ्या दिवशी ती धापा टाकतच आली. माठावरचा पांढरा थर तिने खरवडला होता, त्यावर लिंबू पिळले होते, तर बुडबुडे आले होते. तो क्षार पाण्यातूनच आला असेल का? आणि खालच्या बाजूला हिरवे काही धरले होते. ते तिथे कशावर जगते?

या वेळी दार उघडेच राहिले. गुरुजींनी तिला शेजारी बसवले.

“पोरी, बरोबर उत्तर आले की पुष्कळांचे समाधान होते. त्यात कमीपणा काहीच नाही. त्यांना एकत्रित विज्ञान पुरते आणि दुसऱ्या आवडीला वेळ उरतो. पण उत्तर मिळूनही ज्याला चैन पडत नाही, त्याला प्रत्येक विषयात मुक्कामच करावा लागतो. परत कोण येते, ते पाहायला मी दार लावले. गुण मोजायला शाळा आहेच.”

“पण गुरुजी, मला बावन्नच आहेत.”

“म्हणजे कष्ट जास्त पडतील. ते नाहीत असे मी कशाला सांगू?”

शलाकाने हे सगळे वडिलांना जसेच्या तसे सांगितले, कष्टांचेही. त्यांनी अर्जावर सही केली. शलाकाकडून गुरुजींचे बोलणे ऐकल्यावर नीरजाने घरी धीर करून सांगितले, की तिला एकत्रित विज्ञान आणि चित्रकला हवी आहे. त्या घरात आठ दिवस अबोला होता. नववा दिवस उजाडला तेव्हा आईनेच रंगांची पेटी आणून दिली.

पहिल्या चाचणीत शलाका भौतिकशास्त्रात नापास झाली. उत्तरपत्रिका घेऊन ती बाईंकडे गेली. बाई सांत्वनाचे शब्द शोधत होत्या. गुणांविषयी तिने चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या गणितावर बोट ठेवून ती म्हणाली, “बाई, हे असे का होते, ते मला अजून कळलेले नाही.”

बाईंनी समोरची खुर्ची तिच्यासाठी ओढली.