लिनच्या दोन जांभळी

अहो दादा, त्या जांभळीला टेकू नका. त्या दगडावर बसा. फोटो काढा हवे तेवढे, पण टेकायचं नाही. ह्या दोन जांभळी म्हणजे एका माणसाचं आडनाव आहे. मी ह्याच वाडीची, त्याच्या लेकीच्या वंशातली.

फार मागची गोष्ट. साहेबानं म्हणे ह्या डोंगरावर चिनी कैदी आणले होते, रस्ता करायला. त्यातला एक सुटल्यावर इथंच राहिला. आमच्या ठकूबाईशी त्यानं संसार मांडला. सगळे त्याला चिन्या म्हणायचे. त्याला ते मुळीच खपायचं नाही. "चिन्या नाही, लिन!" म्हणून भांडायला उठायचा. लिन हे त्याचं आडनाव. त्यांच्या भाषेत लिन म्हणजे रान, आणि लिहायचं तर दोन झाडं शेजारीशेजारी काढायची. त्यांच्यात आडनाव आधी, नाव मागाहून. थडग्यावर आडनाव नसलं तर मेलेल्या माणसाला त्याचे वाडवडील ओळखत नाहीत, असं तो सांगायचा. तेवढ्या एका गोष्टीची त्याला धास्ती होती.

मग तापाची साथ आली. वाचा बसली तेव्हा त्यानं कोळसा मागून घेतला आणि अंथरुणाशेजारी जमिनीवर आडनाव काढलं. पाथरवटाला दाखव, अशी ठकूबाईला खूण केली. पहाटे गेला.

लेक तान्ही, त्याचं इथं दुसरं कोण होतं? म्हणून ठकूबाई स्वतः मातीला गेली. मागं शेजारणींनी रीतीप्रमाणं घर सारवून काढलं. बिचाऱ्यांनी मायेनंच केलं हो! ती परत आली तर जमीन ओली, स्वच्छ. आडनावाचा मागमूस नाही. त्या ओल्या शेणावर बसून तिनं असा हंबरडा फोडला म्हणे, की खालच्या वाडीतनं माणसं धावत आली. तिला लिहिता कुठं येत होतं! दोन झाडं, एवढंच ध्यानात राहिलेलं. तिनं थडग्याशी जांभळीची दोन रोपं लावली आणि मरेपर्यंत ओढ्याचं पाणी वाहिलं. त्याला त्याची माणसं भेटली का, कुणाला ठाऊक.

आता आमच्या घरांत फरशी आलीय. पण आजही मयताच्या घरी जमिनीला पाणी लागण्याआधी घरची बाई वाकून कोपरान् कोपरा बघते. माझे मालक गेले तेव्हा मीही बघितला. काही नव्हतं.