शुभ्रावतीचे पात्र

एका राज्यात नदी होती, पण तिच्यात पाणी नव्हते. राजा जयत्सेनाने रत्नांच्या लोभाने शुभ्रावती नदी क्रूरकेतू मांत्रिकाला विकली होती. मांत्रिकाने ती तांब्याच्या कलशात भरून नेली. रत्ने शापित निघाली. त्यांना स्पर्श होताच राजाचे दोन्ही हात लाकडाचे झाले.

डोंगरपट्ट्यात नाचणी करपली. मधल्या काळ्या रानात जोंधळ्याची कणसे भरेनात. खाडीकाठची भातशेते मीठ चढून पांढरी पडली. बैलबाजार मोडले, मळणीची गाणी थांबली. हिरवे राहिले ते फक्त नदीचे कोरडे पात्र. तिथल्या ओलसर गाळात, ज्यांना कधी वीतभर जमीन मिळाली नव्हती, असे मोलकरी उतरले. त्यांनी कलिंगडे लावली, वांगी लावली, झोपड्या बांधल्या. साळाई नावाची म्हातारी त्यांची कारभारीण होती.

राजकन्या सुवर्चलेने रत्नांच्या पेट्या बैलांवर लादल्या आणि ती मांत्रिकाकडे निघाली. वाटेत पळसावरून भारद्वाज पक्षी बोलला, "मांत्रिक तीन कामे सांगेल. तिसरे सोपे वाटेल. त्यालाच भी."

क्रूरकेतू म्हणाला, "रत्ने ठेव. डोंगरमाथ्यावरच्या राक्षसाकडून कलशाची किल्ली आण."

सुवर्चलेने राक्षसाची नाचणी दळली, भाकऱ्या थापल्या, त्याला पोटभर जेवू घालून निजवले आणि उशाची किल्ली आणली.

"आता खाडीतल्या नागाची तहान भागव. कलश त्याच्या विळख्यात आहे."

राज्यात गोडे पाणी उरले नव्हते. सुवर्चला साळाईच्या दारी गेली. साळाईने वेलीवरचे सर्वांत मोठे कलिंगड तोडून दिले. रस पिऊन नागाने विळखा सोडला आणि कलश तिच्या हाती आला.

"आता नदीची वाट मोकळी कर," मांत्रिक म्हणाला. "पात्रात एक जरी चूल पेटती असेल, तरी ती येणार नाही."

राजकन्या पात्रात उतरली. माणसे भोवती जमली. तिने सारे सांगितले.

"बाईसाहेब," साळाईने विचारले, "काठावरच्या रानात आम्हाला जमीन मिळेल?"

राजकन्येने बापाला विचारले नव्हते. तरी ती म्हणाली, "मिळेल."

साळाईने आपल्या चुलीवर माती लोटली. मग इतरांनी लोटली. पोरे, कोंबड्या, बियांची गाठोडी घेऊन सगळे काठावर चढले. सुवर्चलेने कलश उघडला. शुभ्रावती गर्जत आली. वेल, कुडाच्या भिंती, वांग्यांचे वाफे तिच्या फेसात दिसले आणि नाहीसे झाले.

राजवाड्यात राजाची बोटे हलली. बऱ्या झालेल्या हाताने त्याने पहिली मोहोर उठवली, ती काठच्या जमिनी सरदारांच्या नावे करणाऱ्या फर्मानावर.

"तात, या जमिनींचे मी पात्रातल्या माणसांना वचन दिले आहे," सुवर्चला म्हणाली.

"तू दिलेस. मी नाही. सरदार रुसले तर गादी राहील का?"

"मग मी त्यांना काय सांगू?"

"सांगू नकोस. पोटाला लागेल तेव्हा येतील कामाला."

तीन दिवस राजकन्येने अन्न घेतले नाही. चौथ्या दिवशी घेतले.

डोंगरात नाचणी पिकली, काळ्या रानात जोंधळा पुरुषभर वाढला, खाडीकाठी भात डुलू लागले. बैलबाजार भरले. खळ्याखळ्यांवर गाणी ऐकू येऊ लागली आणि त्यांत राजकन्येचे नाव होते.

सुगीत ती शेते पाहायला गेली. सरदाराच्या रानात कापणी चालली होती. रांगेच्या टोकाला साळाई होती.

"साळाई," राजकन्येने हाक मारली.

म्हातारीने मान वर केली. विळा डाव्या हातात घेऊन तिने रीतसर मुजरा केला. राजकन्या काही बोलेल म्हणून ती क्षणभर थांबली. मग बांधावरच्या मुकादमाकडे तिची नजर गेली, आणि ती पुन्हा कापू लागली.